अक्षरांची परिषद

मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील आयडीसी या अभिकल्प केंद्रात २००८ साली ‘टायपोग्राफी डे’ ही परिषद सुरू झाली आणि पुढे ती इतर शहरांतील संस्थांमध्येही भरू लागली. टायपोग्राफी म्हणजे अक्षरांचे आकार, त्यांतील अंतर आणि पानावरील मांडणी यांचा विचार. ग्राफिक डिझाइनचे विद्यार्थी तो बहुधा रोमन लिपीच्या उदाहरणांवरून शिकतात, त्यामुळे देवनागरीचे प्रश्न त्यांना अशा परिषदेतच ठळकपणे जाणवतात. रोमनसाठी ठरवलेले ओळींमधील अंतर मराठी मजकुराला तसेच लावले, तर ‘सर्वांनी’सारख्या शब्दातील रफार, अनुस्वार आणि वेलांटी वरच्या ओळीतील उकारांना भिडतात, पडद्यावर हा दोष सहज नजरेआड होतो, छापील कागदावर मात्र डोळ्यांत खुपतो. आयडीसीत अध्यापन केलेले कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवलेला ‘मंगल’ फॉन्ट विंडोज प्रणालीसोबत घरोघरी पोहोचला, म्हणजे सुलेखनाची जाण संगणकापर्यंत नेता येते, हे इथे निराळे सिद्ध करावे लागत नाही. अशा परिषदेत पूर्ण झालेल्या कामाच्या देखण्या सादरीकरणापेक्षा रद्द केलेल्या कच्च्या रेखाटनांवरील चर्चा अधिक शिकवते, आणि ती बहुधा सभागृहात नव्हे, चहाच्या रांगेत रंगते.