सभागृहाबाहेरची खोली
(कृत्रिम बुद्धिमत्ता आणि कायदा या विषयावरील परिषदेच्या पूर्वतयारीसाठी दादर येथे झालेल्या बैठकीतील भाषण)



मी विधिज्ञ नाही आणि संगणकतज्ज्ञही नाही. कला शाखेचा पदवीधर, पेशाने पत्रकार. तरीही कार्यशाळा आणि पाठवर्ग यांविषयी बोलण्याचे काम आपण माझ्यावर सोपवलेत, ते बहुधा परिषदांमध्ये मागच्या रांगेत बसण्याचा माझा अनुभव दांडगा आहे म्हणून! दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ यांची व्यवस्था आपल्यापैकी कोणीही डोळे मिटून करील. परिषदेचे खरे काम मात्र सभागृहाबाहेरच्या लहान खोल्यांत होत असते. तेथे कोणाला बसवायचे, हा आजचा प्रश्न आहे.

या विषयाची आंतरराष्ट्रीय परिषद १९८७ साली बोस्टनला प्रथम भरली. २०२५ ची शिकागोला झाली. मुख्य निबंधवाचन मधल्या दिवसांत आणि कार्यशाळा व पाठवर्ग त्याच्या आगेमागे, अशी तिची साधारण आखणी असते. या दोहोंत फरक आहे. पाठवर्गात जाणता शिकवतो, इतर शिकतात. कार्यशाळेत प्रत्येकाने आपले अर्धेमुर्धे काम घेऊन यायचे आणि चारचौघांकडून तपासून घ्यायचे. आपल्याकडे दारावर ‘कार्यशाळा’ असा फलक लावून आत तीन भाषणे ठेवण्याची प्रथा रूढ झाली आहे. ती या वेळी तरी मोडावी.

मुंबईला हे क्षेत्र अपरिचित नाही. ज्ञानाधिष्ठित संगणक प्रणालींवरची आंतरराष्ट्रीय परिषद डिसेंबर १९८९ मध्ये याच शहरात झाली होती. त्या काळात संगणकाला कायदा शिकवणे म्हणजे कलमांचे तर्कनियम बांधणे. लंडनच्या संशोधकांनी ब्रिटनचा नागरिकत्वाचा कायदा असा नियमबद्ध करून १९८६ साली प्रसिद्ध केला. ते काम कष्टाचे होते, परंतु उत्तर कोणत्या कलमावरून आले हे दाखवता येत असे. आजचे यंत्र अफाट मजकूर वाचून पुढला शब्द कोणता असावा याचा अंदाज बांधते. त्याची भाषा अस्खलित असते, आणि धोका नेमका तेथेच आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्राप्तिकर खात्याचा एक आकारणी आदेश रद्द केला, कारण त्यात आधार म्हणून दिलेले न्यायनिर्णय अस्तित्वातच नव्हते. यंत्राने पुढे केलेले संदर्भ पडताळल्याशिवाय वापरू नयेत, असेही न्यायालयाने बजावले. शासकीय अधिकाऱ्याची ही गत, तर नोटीस हातात घेऊन भ्रमणध्वनीला प्रश्न विचारणाऱ्या सामान्य भाडेकरूचे काय?

म्हणून पहिल्या कार्यशाळेचा विषय मी सुचवतो : लालबागच्या चाळीतली खोली. भाडेकरू आजोबा वारले. धाकटा मुलगा शेवटपर्यंत त्यांच्याजवळ राहत होता. थोरला पंधरा वर्षांपूर्वी डोंबिवलीला गेला, मुलगी सासरी. इमारत पुनर्विकासाला निघाली आहे. खोलीचा हक्क कोणाचा? यंत्र बहुधा हिंदू उत्तराधिकार कायदा काढून तिघांत समान वाटे करून मोकळे होईल. परंतु महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ७(१५) मधील ‘भाडेकरू’ची व्याख्या वेगळे सांगते. राहण्याच्या जागेत, मृत्यूसमयी भाडेकरूसोबत राहणारा कुटुंबीय प्रथम येतो. तसा कोणी नसेल तरच इतर वारस. आणि एकमत नसेल तर निर्णय न्यायालयाचा. बृहन्मुंबईत ते न्यायालय म्हणजे धोबीतलावचे लघुवाद न्यायालय. पागडीचे व्यवहार याच अधिनियमाच्या कलम ५६ ने वैध झाले. हे तपशील चुकले तर एका कुटुंबाचे घर जाते, भावाभावांत आयुष्याचे वैर येते.

भाषेचा प्रश्न याहून बिकट. घटनेच्या अनुच्छेद ३४८ मुळे उच्च न्यायालयाचा कारभार इंग्रजीत चालतो. जिल्ह्या-तालुक्याची कागदपत्रे मराठीत. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ‘सुवास’ ही भाषांतर प्रणाली आणली, हे स्वागतार्हच आहे. पण ‘लीव्ह ग्रँटेड’चे हिंदीत ‘छुट्टी स्वीकार’ केल्याचा यंत्राचा पराक्रमही नोंदला गेला आहे. मग आपल्या ‘कूळ’ शब्दाचे काय होईल? कुळकायद्यातले कूळ वेगळे आणि कुळाचारातले वेगळे. ‘वहिवाट’ म्हणजे कोठे ताबा, कोठे रस्ता, कोठे रूढी. कोलकात्याच्या २०१९ च्या परिषदेत भारतीय कायद्यासाठी जो चाचणी-उपक्रम झाला, त्यात पूर्वनिर्णय शोधण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाचे सुमारे २,९०० निकाल घेतले होते. प्रयत्न मोलाचा होता, मात्र सगळा संग्रह इंग्रजी.

कायदा स्थलपरत्वे बदलतो, हे गिरगावकर महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या वाचकांना ठाऊक आहे. वारशाच्या बाबतीत मुंबई बेट, गुजरात आणि उत्तर कोकणात ‘व्यवहारमयूख’ला मान होता, उर्वरित महाराष्ट्रात ‘मिताक्षरा’ श्रेष्ठ. त्या मयूखाच्या आवृत्तीला प्रस्तावना लिहायला काणे बसले आणि तिच्यातून धर्मशास्त्राचा पाच खंडांचा इतिहास उभा राहिला. इतका धीर आज कोणाकडून मागणार? पण एका कार्यशाळेपुरता तरी मागू या.

योजना साधी असावी. चोवीस माणसे, सहा मेजे. प्रत्येक मेजावर लघुवाद न्यायालयात काम करणारा वकील, एक संगणकाचा विद्यार्थी, चाळसमितीचा एक कार्यकर्ता आणि दोन्ही भाषा जाणणारा एक अनुवादक. उत्तर अनुभवी वकिलाने आधी लिहून बंद पाकिटात ठेवावे. मग यंत्राला विचारावे, आणि मूळ कलम समोर ठेवून दोन्ही ताडावीत. कागद पक्षकारांच्या संमतीनेच आणावेत, त्यांवरील नावे-पत्ते खोडलेले असावेत. अशिलाचा कागद कोणत्याही सार्वजनिक यंत्रसेवेत टाकायचा नाही, हा नियम दारावरच लावावा. आदल्या दिवशीचा पाठवर्ग वकिलांसाठी : यंत्र उत्तर कसे ‘रचते’, एवढाच विषय, दोन तास, प्रात्यक्षिकासह. संगणकवाल्यांनाही एक वर्ग हवा, आणि तो शिकवायला प्राध्यापकापेक्षा न्यायालयातला मुरलेला कारकून मिळाला तर मला अधिक आनंद होईल.

तपासलेली प्रश्नोत्तरे चुकांसह छापून विनामूल्य द्यावीत. तारीख ठरवताना गणेशोत्सवाच्या आसपासचे पंधरवडे टाळा; परळ-लालबागचा एकही कार्यकर्ता मिळणार नाही. शनिवार-रविवार धरा, म्हणजे वकील मोकळे असतील. आणि चाळसमित्यांकडून प्रश्न गोळा करायला आतापासूनच निघावे लागेल. पहिले पन्नास प्रश्न हाती आल्याशिवाय निमंत्रणपत्रिका छापायला देऊ नये, एवढीच माझी सूचना आहे.