घरच्या घरी केस काढण्याचे वॅक्स
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझा विषय ऐकून काही जणी पदराआड हसतील, हे मी धरूनच चालले आहे. हातापायांवरचे केस काढण्याचे जे वॅक्स बाजारात मिळते, ते मी घरी वापरून पाहिले. त्याविषयी चार शब्द सांगायचे आहेत. २०१६ साली चौथऱ्यावर स्त्रियांनी जावे की नाही, यावरून आपल्या शिंगणापूरचे नाव देशभर गाजले. मुंबई उच्च न्यायालयाचा आदेश झाला आणि ८ एप्रिलला, गुढीपाडव्याच्या दिवशी, चौथरा स्त्रियांना खुला झाला. त्या वेळी बाईच्या शरीराविषयी सारे जग बोलले. मग आपणही आपसात थोडे बोललो तर बिघडले कोठे?

निमित्त झाले ते पुतणीचे. तिला पाहायला पाहुणे यायचे होते. ‘हात फार केसाळ दिसतात,’ असे कोणी तरी बोलले, आणि पोरीने जेवणावरचे लक्षच काढले. मैत्रिणीकडून वॅक्सच्या पट्ट्यांचा डबा घेऊन आली. मी म्हटले, आधी माझ्या हातावर होऊ दे. आपल्याकडच्या रीतीप्रमाणे चौकटीला दार नाही, पडदाच. म्हणून दुपारी पुरुषमाणसे बाहेर गेल्यावर सासूबाईंना पडद्यापाशी बसवले आणि काम सुरू केले.

डब्यावरील सूचनेप्रमाणे आदल्या दिवशी कोपराच्या आत बोटभर जागेवर लावून पाहिले. पुरळ उठले नाही, तेव्हाच पुढे गेले. हात धुऊन कोरडा केला, थोडी पावडर लावली. पट्टी दोन्ही तळव्यांत चोळून ऊन केली, केस ज्या दिशेने पडतात त्या दिशेने दाबून बसवली. मग कातडी एका हाताने ताणून, पट्टी उलट दिशेने, कातडीलगत, एका झटक्यात ओढायची. वर उचलून किंवा हळूहळू ओढली तर केस मध्येच तुटतात आणि दुखते ते वेगळेच. दुखते किती? पहिल्या पट्टीला डोळ्यांत पाणी आले, चौथीपर्यंत सवय झाली. केस तांदळाच्या दाण्याएवढे तरी लांब असावेत, नाही तर पट्टीला धरत नाहीत. केस मुळासकट निघतात, म्हणून तीन-चार आठवडे हात साफ राहतो. पुढे ते पुन्हा येतातच.

दुसरा प्रकार घरच्या साखरेचा. शेजारी सोनईला साखर कारखाना असलेल्या आपल्यासारख्यांना तो जवळचा वाटेल. दोन वाट्या साखर, पाव वाटी लिंबाचा रस, पाव वाटी पाणी. मंद आचेवर मधाच्या रंगाचा, गोळी वळेल असा पाक करायचा. लिंबाच्या आंबटपणामुळे साखर पुन्हा दाणेदार होत नाही. अरबस्तानात आणि मिसरात बायका ही रीत फार पूर्वीपासून वापरत आल्या आहेत. याचा गुण असा की उरलेला चिकटपणा कोमट पाण्याने निघतो; बाजारच्या राळेच्या वॅक्सला तेल लागते. पण एक गोष्ट गाठीला बांधा. पाक उकळत्या पाण्यापेक्षाही जास्त तापतो आणि अंगाला चिकटून राहतो. पुरता निवल्याशिवाय त्याला हात लावू नका, आणि लेकराबाळांना चुलीपासून लांब ठेवा.

कोणी करू नये, तेही सांगते. मधुमेह असेल, पायाच्या शिरा फुगलेल्या असतील, कातडीवर जखम किंवा इसब असेल, मुरुमांसाठी डॉक्टरांच्या गोळ्या चालू असतील, तर आधी डॉक्टरांना विचारावे. केस काढल्यावर एक दिवस ऊन, कढत पाणी आणि अत्तर टाळावे. तान्ह्या बाळाच्या अंगावरची लव आपोआप गळते. तिला काहीच करू नये. केस कापले की दाट येतात, हाही समजच आहे. मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ बाईंनी १९२८ सालीच दाढीच्या केसांवर प्रयोग करून तो खोटा ठरवला.

आता मुख्य गोष्ट. हात पाहता पाहता पुतणीने हळूच हनुवटीवरचे राठ केस दाखवले. विचारले तेव्हा कळले, पाळीही दोन-दोन महिने येत नव्हती. हे तिने आईलाही सांगितले नव्हते. दवाखान्यात नेले तेव्हा अंडाशयाचा आजार निघाला, ज्याला पीसीओएस म्हणतात. तो पुष्कळ मुलींना असतो आणि औषधपाण्याने, चालण्या-फिरण्याने आटोक्यात राहतो. केस तेवढे उपटून टाकले असते, तर दुखणे आतल्या आत राहिले असते. तेव्हा हनुवटीवर, छातीवर एकाएकी राठ केस येऊ लागले आणि पाळीही अनियमित असली, तर वॅक्सच्या आधी डॉक्टर.

भगिनींनो, केस काढणे हा गुन्हा नाही आणि न काढणे हा गबाळेपणाही नाही. देवाने दिलेली लव आहे. ठेवावी वाटली तर ठेवावी, काढावी वाटली तर नीट समजून काढावी. पण पाहुणे येणार म्हणून, कोणी बोलले म्हणून, रडत रडत काढू नये. आपल्या लेकीसुनांना हे कोणाला तरी विचारता आले पाहिजे. ते विचारण्याची जागा आपले मंडळ व्हावे, एवढीच माझी इच्छा आहे.