विस्मृतीची परीक्षा



‘साठी बुद्धी नाठी’ ही आपल्या तोंडी बसलेली म्हण. तिने आपले फार नुकसान केले आहे. म्हातारे माणूस विसरू लागले की आपण आधी हसतो, मग चिडतो, आणि शेवटी ‘म्हातारचळ लागला’ म्हणून सोडून देतो.

1901 साली फ्रँकफुर्टच्या इस्पितळात आउगुस्टे नावाची बाई दाखल झाली. वय 51, साठी पुष्कळ लांब होती! स्वतःचे नाव लिहिता लिहिता ते तिला मध्येच सुचेनासे होई. 1906 मध्ये ती वारल्यावर डॉ. अलॉइस आल्झायमर यांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. पेशींबाहेर साचलेले पुंजके आणि पेशींच्या आत गुंतलेले तंतू त्यांना दिसले. पुढे कित्येक दशके या रोगाचे पक्के निदान मृत्यूनंतरच होत असे.

जिवंतपणी ओळखायचा तो प्रश्न विचारून. पण प्रश्न कोणते? आमच्या आत्याचा जन्म इथल्या केळीच्या वाडीत गेला. शाळेचे तोंड तिने पाहिले नव्हते. एका डॉक्टरांनी तिला तारीख विचारली. ती म्हणाली, “परवा संकष्टी.” उत्तर अगदी बरोबर, पण कागदावर शून्य! आम्ही हसतच तिला घरी आणले, आणि ‘यांना काय कळते’ म्हणून पुन्हा दोन वर्षे कोठे नेले नाही.

हाच पेच हरियाणातील बल्लभगढच्या खेड्यांत मेरी गांगुली, विजय चंद्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांपुढे होता. परदेशी परीक्षेत एका शब्दाची अक्षरे उलटी सांगावी लागतात. निरक्षराने ती कशी सांगावी? त्यांनी आठवड्याचे वार उलटे विचारले. ‘डोळे मिटा’ हे वाचायला देण्याऐवजी स्वतः डोळे मिटून दाखविले. ही हिंदी परीक्षा 1995 मध्ये प्रसिद्ध झाली. कादोडी किंवा वाडवळी बोलणाऱ्या आपल्या आजीबाईंनाही त्यांच्याच बोलीत विचारायला नको काय?

मुंबईत डॉ. वास, डॉ. पिंटो आदींनी चाळिशीपुढील 24,488 माणसे पाहिली. 2001 च्या त्यांच्या अहवालात पासष्टीपुढे शेकडा 2.44 जणांना स्मृतिभ्रंश आढळला. 2023 च्या देशव्यापी अंदाजात साठीपुढे शेकडा 7.4, म्हणजे सुमारे 88 लाख माणसे. मोजण्याच्या रीती निराळ्या आहेत, तेव्हा रोग तिप्पट झाला असे कोणी म्हणू नये.

आता औषधांविषयी. 1996 पासून अमेरिकेत मिळू लागलेली डोनेपेझिलची गोळी काहींना थोडा आधार देते, रोग थांबवीत नाही. लेकॅनेमॅब हे नवे औषध 1,795 रुग्णांवर 18 महिने अजमावले गेले. ऱ्हासाचा वेग शेकडा 27 ने मंदावला. आकडा भारदस्त वाटतो खरा. पण 18 गुणांच्या मापावर तो अर्ध्या गुणाहूनही कमी! शिवाय काहींच्या मेंदूत सूज येते, रक्तस्राव होतो. आणि हे औषध केवळ आरंभीच्या अवस्थेतच द्यायचे. 2025 मध्ये अमेरिकेने रक्ताच्या एका तपासणीस मान्यता दिली, तीही निदानाला मदत म्हणून. परीक्षा आणि डॉक्टर सुटत नाहीत.

याहून जवळचे सांगतो. ब-12 जीवनसत्त्वाची उणीव, थायरॉइडचा मंदपणा यांनीही विसराळूपणा येतो, आणि त्यांवर उपाय आहे. ती रक्ततपासणी आधी मागून घ्या.

आत्या पुढे आपल्याच बावखलाच्या काठी उभी राहून घरची वाट विचारू लागली, तेव्हा आम्ही जागे झालो. तिला संकष्टी ठाऊक होती, हे खरेच. पण त्या दिवशी कोणी वार उलटे विचारले असते, तर ती बुधवारपाशीच अडखळली असती, असे आज वाटते.