ओसरीवरची नोंदवही



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. पुढे गावोगावी ही प्रथा रुजली आणि उन्हाळ्याच्या संध्याकाळी लोक घरचे काम आटोपून सतरंजीवर येऊन बसू लागले. या व्यासपीठावर मोठमोठे विद्वान बोलून गेले. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण यंत्रमागाच्या खडखडाटात, युनियनच्या कचेरीत आणि याच गावच्या वाचनालयात झाले. तेव्हा आमच्याकडून पांडित्याची अपेक्षा करू नये. तीस वर्षे कामगारांचे अर्ज घेऊन सरकारच्या दारात उभे राहिल्यावर जे दिसले, आणि ते तसे का, हे समजून घेण्यासाठी जे वाचले, तेवढेच आज आपल्यापुढे ठेवणार आहोत.

आमचे शिष्टमंडळ मंत्र्यांना भेटायला जाते, तेव्हा निवेदनाच्या तीन प्रती काढाव्या लागतात. एकीवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्यावा लागतो. फाटकावर नाव, गाव, काम लिहून पास घ्यावा लागतो. मग बाकावर बसायचे. याबद्दल आमची तक्रार नाही. सरकारचे काम शिस्तीनेच चालले पाहिजे. तक्रार निराळीच आहे. आम्ही बाकावर बसलेले असताना एखादे गृहस्थ येतात. त्यांच्या हातात अर्ज नसतो. स्वीय सहायक उठून उभे राहतात, दार उघडते, आणि अर्ध्या तासाने गृहस्थ हसतमुखाने बाहेर पडतात. ते कोणाच्या वतीने आले होते, कोणत्या फायलीबद्दल बोलले, याचा शिक्का कोणत्याही कागदावर उमटत नाही. आमची मागणी फेटाळली जाते ती लेखी. त्यांची मान्य होते ती तोंडी!

या कामाला इंग्रजीत ‘लॉबिंग’ म्हणतात. लॉबी म्हणजे सभागृहाबाहेरची ओसरी. कायदा आत होतो, पण त्याचा मसुदा पुष्कळदा ओसरीवर ठरतो. आता ओसरीवर येऊन मागणे मांडणे हे पाप आहे काय? मुळीच नाही. शेतकरी मागतो, व्यापारी मागतो, आम्हीही मागतो. मागणाऱ्यांची तोंडे बंद केली तर लोकशाही उरणार नाही. प्रश्न एवढाच, की मागणाऱ्याचे नाव, धन्याचे नाव आणि मागणीचा विषय लिहून ठेवला जातो की नाही.

अमेरिकेतल्या राज्यांना हा प्रश्न आपल्या आधी भेडसावला. तेथे प्रत्येक राज्याला आपले विधिमंडळ आणि आपले कायदे आहेत. म्हणून रेल्वे कंपन्या, विमा कंपन्या, तेल कंपन्या यांची माणसे प्रत्येक राजधानीच्या ओसरीवर बसलेली असत. १८९० साली मॅसॅच्युसेट्स राज्याने अशा माणसांनी आपली नावे नोंदवावीत असा कायदा केला. परंतु पूर्ण वाढलेले रूप पाहायचे तर कॅलिफोर्नियाकडे पाहावे. १९७४ साली वॉटरगेट प्रकरणाने त्या देशाचा राज्यकर्त्यांवरचा विश्वास उडाला होता. त्या वर्षीच्या जून महिन्यात कॅलिफोर्नियाच्या मतदारांपुढे एक कायदा थेट मतदानाला ठेवण्यात आला, आणि शंभरातल्या सुमारे सत्तरांनी त्याला होकार दिला. आमदारांनी आमदारांसाठी केलेला हा कायदा नव्हे. लोकांनी त्यांच्यासाठी केला.

त्यात काय आहे? जो पगार घेऊन दुसऱ्याच्या वतीने सरकारकडे रदबदली करतो, त्याने नाव नोंदवायचे. त्याला पैसे देणाऱ्या कंपनीने किंवा संघटनेने दर तीन महिन्यांनी हिशेब द्यायचा: किती खर्च केला, कोणत्या विधेयकासाठी केला. अशा माणसाने एखाद्या आमदाराला महिन्याकाठी दहा डॉलरांहून अधिक किमतीची भेट द्यायची नाही. ‘काम झाले तर इतके टक्के’ अशा बोलीवर रदबदलीचे काम घ्यायचे नाही. (टक्केवारी हा शब्द आपल्याकडे समजावून सांगावा लागत नाही!) आमदारकी सुटल्यावर एक वर्षभर पैसे घेऊन त्याच विधिमंडळात रदबदलीला यायचे नाही. आणि हे पाळले जाते की नाही, हे पाहायला पाच जणांचा आयोग; त्यात एका पक्षाचे तिघांहून अधिक नकोत, आणि नेमणुका एकट्या गव्हर्नरच्या हातात नकोत. जो गरीब स्वतःचा अर्ज घेऊन येतो, त्याला यातले काही लागू नाही. नोंद आहे ती मोबदला घेऊन बोलणाऱ्याची.

या कायद्याने कॅलिफोर्नियात रामराज्य आले असे आम्ही म्हणत नाही. २०१४ साली तेथल्या लेलँड यी नावाच्या सिनेटरला लाचेच्या प्रकरणात अटक झाली आणि पुढे पाच वर्षांची शिक्षा झाली. कायद्याने माणसे साधू होत नाहीत. पण नोंदवही असली म्हणजे चोरवाट कोठून गेली, हे शोधायला पहिली खूण मिळते.

याच्या उलट धडा न्यूयॉर्क राज्याचा. तेथे २०११ साली नीतिमत्तेसाठी एक संयुक्त आयोग नेमला गेला. सभासद चौदा, सहा गव्हर्नरच्या बाजूने नेमलेले, आठ विधिमंडळातल्या पुढाऱ्यांनी. म्हणजे ज्यांच्यावर नजर ठेवायची त्यांनीच राखणदार नेमले! कुंपणच तेथे राखणीला बसले होते म्हणा. १९९४ पासून तेथल्या विधानसभेचे अध्यक्ष असलेले शेल्डन सिल्व्हर यांना २०१५ साली अटक झाली, ती या आयोगामुळे नव्हे, केंद्र सरकारच्या वकिलांमुळे. त्यांना दोषी ठरवणारा निकाल एकदा रद्द झाला, २०१८ साली पुन्हा दोष शाबीत झाला, आणि २०२२ साली शिक्षा भोगत असतानाच ते वारले. त्याच वर्षी जुना आयोग मोडून नवा आला. आता पुढारी नावे सुचवतात, पण राज्यातल्या कायदा महाविद्यालयांचे प्रमुख ती तपासून नाकारू शकतात. या नव्या आयोगालाही न्यायालयात आव्हान मिळाले. खालच्या न्यायालयांत तो हरला, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी तो वैध ठरवला. एका मताने वाचला! चांगली संस्था उभी करणे किती अवघड असते, याचा यापेक्षा निराळा पुरावा नको.

‘अमेरिकेच्या गोष्टी आम्हांला कशाला?’ असे कोणी विचारील. एक आठवण देतो. २०१२ च्या डिसेंबरात आपल्या संसदेत मोठा गदारोळ झाला. वॉलमार्ट कंपनीने २००८ पासून लॉबिंगवर सुमारे अडीच कोटी डॉलर खर्च केल्याचे प्रसिद्ध झाले होते, आणि त्या खर्चाच्या विषयांत भारताच्या बाजारातली गुंतवणूक हाही एक विषय होता. हे आपल्याला कळले कोठून? आपल्या कोणत्या दप्तरातून नव्हे. अमेरिकेच्या १९९५ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे तेथे हिशेब द्यावा लागतो, त्या हिशेबातून कळले. आपल्या घरात कोण डोकावते, हे शेजाऱ्याच्या वहीत वाचायची पाळी आली.

आता आपल्या राज्याकडे येऊ. अभिमानाची गोष्ट आधी सांगतो. १९७१ साली महाराष्ट्राने लोकायुक्ताचा कायदा केला, आणि १९७२ साली देशातली ही पहिली संस्था आपल्याकडे सुरू झाली. तथापि त्या कायद्याने लोकायुक्तांना मुख्यत्वे शिफारस करण्याचा अधिकार दिला, आणि मुख्यमंत्र्यांना कक्षेबाहेर ठेवले. २०१३ च्या केंद्रीय कायद्याने प्रत्येक राज्याने वर्षभरात लोकायुक्त नेमावा असे सांगितले. आपल्या विधानसभेने २०२२ च्या डिसेंबरात आणि विधान परिषदेने २०२३ च्या डिसेंबरात नवे विधेयक मंजूर केले. त्यात मुख्यमंत्री कक्षेत आले. पण त्यांच्या चौकशीला विधानसभेच्या दोनतृतीयांश सभासदांची संमती हवी अशी अट आली. ज्यांच्या हाती बहुमत, त्यांच्याच हाती किल्ली. न्यूयॉर्कचा धडा आपण नीट वाचला नाही, असे आम्हांला वाटते.

आणि लोकायुक्त कितीही बळकट केला, तरी तो येणार चोरी झाल्यावर. ओसरीवर कोण येऊन गेले, याची वही आपल्या राज्यात नाही, देशातही नाही. माहितीचा अधिकार आहे. दहा रुपये भरून आम्ही तो पुष्कळदा वापरला. पण तो अधिकार कागदाला लागू पडतो. भेटीचा कागदच नसेल, तर तीस दिवसांनी उत्तर येते: ‘अभिलेख उपलब्ध नाही.’

आपल्या गावच्या बाजारपेठेतलेच उदाहरण घ्या. १९४८ च्या दुकाने कायद्याखाली लहानमोठे सारे दुकान नोंदलेले असे. २०१७ साली राज्याने नवा कायदा केला, आणि दहापेक्षा कमी नोकर असलेली दुकाने, एक सूचनापत्र देण्यापलीकडे, त्याच्या कक्षेतून सुटली. लहान दुकानदाराला इन्स्पेक्टरचा जाच होता, हे आम्ही जाणतो. या सभेत दुकानदार बंधू बसले आहेत, त्यांची बाजू खरीही असेल. पण दहा हा आकडा कोणी सुचवला? पाच का नाही? कोण कोण मंत्र्यांना भेटले, आणि त्या दुकानांत बारा-बारा तास उभ्या राहणाऱ्या पोरांच्या वतीने कोणी भेटले काय? याची नोंद असती, तर आपण निदान समोरासमोर वाद घातला असता.

कामगारांना मात्र वह्यांची सवय आहे. १९२६ च्या कायद्याने युनियनला दरवर्षी निबंधकाकडे हिशेब देणे भाग पाडले. राजकीय कामासाठी वेगळा निधी ठेवायचा, आणि त्यात सभासदाने राजीखुशीने दिले तेवढेच घ्यायचे, हेही त्याने घालून दिले. कंपन्यांच्या देणग्यांना नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा होती. ती २०१७ साली उठवली गेली, आणि पुढे निनावी निवडणूक रोखे आले. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती योजना आणि अमर्याद देणग्यांची मुभा दोन्ही घटनाबाह्य ठरवली. कामगाराच्या चार आण्यांचा हिशेब १९२६ पासून, आणि कोटींच्या देणगीवर पडदा! हा न्याय आमच्या बुद्धीला उमगत नाही.

येथे आमचाही एक दोष कबूल केला पाहिजे. नाहीतर हे सारे भाषण खोटे ठरेल. पुष्कळ वर्षांपूर्वी किमान वेतनाच्या दरांची फेरतपासणी चालू होती. कायद्याप्रमाणे मसुदा प्रसिद्ध झाला होता, हरकतींसाठी मुदत होती, आम्ही हरकती दिल्याही होत्या. पण एका वजनदार परिचिताने सांगितले, ‘कागदाने काय होते? चला, बंगल्यावर नेतो.’ आम्ही गेलो. चहा झाला, दोन शब्द झाले, आणि एक वाक्य आमच्या बाजूने बदलेल असा शब्द मिळाला. गावात येऊन आम्ही हार घालून घेतले. अंतिम दर प्रसिद्ध झाले तेव्हा ते वाक्य आमच्या विरुद्ध बदललेले होते. आमच्यानंतर आणखी कोणीतरी बंगल्यावर चहा घेतला असणार. सभेत एक म्हातारी कांडीवाली उठली आणि म्हणाली, ‘दादा, तुमी काय बोलला व्हता त्ये कागदावर दावा.’ आमच्याकडे दाखवायला काही नव्हते. समोरच्या पक्षाने चोरवाटेने काम केले, अशी तक्रार तरी कोणत्या तोंडाने करणार? त्याच वाटेवर आमच्याही चपलांचे ठसे होते.

त्या दिवसापासून आम्ही एक नियम केला. मंत्र्याला, सचिवाला, आमदाराला भेटलो की त्याच संध्याकाळी युनियनच्या वहीत लिहायचे: कोण भेटले, काय मागितले, काय उत्तर मिळाले. सभासदाने मागितली की वही त्याच्यापुढे ठेवायची.

सरकारकडे आमचे मागणे याहून मोठे नाही. मंत्री आणि सचिव यांनी भेटींची वही ठेवावी आणि दर महिन्याला प्रसिद्ध करावी. जो पैसे घेऊन दुसऱ्याच्या वतीने बोलतो, त्याने आपले आणि धन्याचे नाव नोंदवावे. सनदी अधिकाऱ्याला निवृत्तीनंतर वर्षभर खाजगी नोकरीसाठी परवानगी लागते. मंत्र्यालाही तसे बंधन असावे. आणि लोकायुक्ताची किल्ली ज्यांची चौकशी व्हायची त्यांच्या कमरेला नसावी.

यात युनियनलाही वगळू नये. पहिल्या पानावर पहिले नाव आमचे लिहावे. ‘तुमचे डावपेच उघडे पडतील’ असे आमचे काही सहकारी म्हणतात. पडू देत. उजेडात मागायला ज्याला लाज वाटते, त्याने आपले मागणे पुन्हा एकदा तपासून पाहावे.

कॅलिफोर्नियातल्या लोकांना थेट मतदानाने कायदा करता आला. आपल्याला ती सोय नाही. परंतु पुढच्या निवडणुकीत जो मत मागायला दारी येईल, त्याला आपण सर्वांनी एकच प्रश्न विचारावा: ‘निवडून आल्यावर तुमच्या भेटींची वही आम्हांला दाखवाल काय?’ तो काय म्हणतो ते ऐकून घ्यावे, आणि घरच्या वहीत तारखेसह लिहून ठेवावे.