बॉक्सचं डिझाइन करायचंय, पण कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये?

आजचा विषय एका व्हॉइस नोटमधून आलाय. कोकणातली एक श्रोती घरी आंबावडी बनवते. तिला पाव किलोचे एक हजार बॉक्स छापून घ्यायचेत. डिझाइन तिने मोबाइलवर कॅनव्हात केलंय, आणि प्रेसवाले काका म्हणतात, "हे नाही चालणार." तिचा प्रश्न: मग आता काय शिकू?

आधी काका असं का म्हणाले ते बघू. बॉक्स म्हणजे शेवटी एक सपाट कागद. त्यावर कुठे कापायचं, कुठे घडी पडणार, कुठे चिकटवायचं हे दाखवणारा जो आराखडा असतो, त्याला डायलाइन म्हणतात. ही डायलाइन फाइलमध्ये वेगळ्या लेयरवर आणि वेगळ्या स्पॉट कलरमध्ये लागते, नाहीतर ती रेषसुद्धा बॉक्सवर छापली जाईल! कॅनव्हात स्पॉट कलरची सोयच नाही. छपाईला लागणारी सीएमवायके पीडीएफ मिळते, पण पैसे भरलेल्या प्लॅनमध्ये. म्हणून कॅनव्हा कच्च्या कल्पनेसाठी मस्त, फायनल फाइलसाठी नको.

मग काय घ्यायचं? माझं मत विचाराल तर सॉफ्टवेअर निवडण्याआधी प्रेसला फोन करा. "तुम्ही कोणती फाइल उघडता? डायलाइन तुम्ही देणार का?" आपल्याकडे बऱ्याच छोट्या प्रेसमध्ये आजही कोरलड्रॉ चालतं. तुम्हीही तेच वापरलंत, तर ऐनवेळी वजनाचा आकडा बदलायचा झाला तरी ऑपरेटर तिथेच बदलून देतो. मोठ्या पॅकेजिंगवाल्यांकडे अॅडोबी इलस्ट्रेटर जास्त. ते उत्तमच आहे, पण भाड्याने मिळतं, म्हणजे पैसे भरणं थांबवलं की सॉफ्टवेअर बंद. वर्षाला एक बॉक्स करणाऱ्याने हा खर्च का करावा?

फुकटात हवं असेल तर इंकस्केप. व्हेक्टर आहे, म्हणजे लोगो कितीही मोठा करा, फाटत नाही. युनिकोड मराठीही छान दिसतं. अडचण एकच, ते मुळात स्क्रीनच्या आरजीबी रंगात काम करतं. सीएमवायके पीडीएफसाठी जोडीला स्क्रायबस घ्यावं लागतं. तेही मोफत, फक्त थोडं किचकट. एफिनिटीकडेही बघा. कॅनव्हाने २०२४ मध्ये ती कंपनी विकत घेतली आणि २०२५ मध्ये नवं एफिनिटी मोफत केलं. त्यात सीएमवायके आणि स्पॉट कलर दोन्ही आहेत.

आता आपल्या लोकांची खरी डोकेदुखी: जोडाक्षरं! तुमच्या लॅपटॉपवर 'स्वादिष्ट' नीट दिसतं, प्रेसच्या जुन्या कोरलमध्ये उघडलं की त्याचे तुकडे. म्हणून फाइल देण्याआधी सगळी अक्षरं कर्व्हमध्ये बदला. कोरलमध्ये कंट्रोल क्यू, इलस्ट्रेटरमध्ये क्रिएट आउटलाइन्स. अक्षरं बदलता येणारी मूळ प्रत मात्र स्वतःकडे वेगळी ठेवा. आणि फाँट इकडून तिकडून उचलू नका. मुंबईच्या एक टाइपचे मुक्ता आणि बलू हे फाँट मोफत आहेत, धंद्यासाठीही चालतात.

बाकी पटकन सांगतो. कापायच्या रेषेबाहेर ३ मिमी रंग जाऊ द्या. फोटो ३०० डीपीआय हवा. बारकोड बहुतेक वेळा ईएएन-१३ असतो, साधारण ३७ मिमी रुंद. ८० टक्क्यांपेक्षा लहान करू नका, नाहीतर दुकानात स्कॅन होणार नाही. खाण्याची वस्तू आहे, तेव्हा एफएसएसएआयचा १४ आकडी नंबर, हिरवा ठिपका, वजन, एमआरपी, तारखा यांना सुरुवातीपासूनच जागा ठेवा. आणि स्क्रीनवरचा तो झगझगीत केशरी कागदावर थोडा मंद होणारच, तेव्हा छपाईआधी एक प्रूफ मागा.

तर ताई, तुझ्यासाठी: काकांकडून डायलाइन घे, लॅपटॉप असेल तर इंकस्केप नाहीतर एफिनिटी उतरवून घे, आणि त्या डायलाइनवर डिझाइन परत मांड. मग साध्या प्रिंटरवर १०० टक्के मापात प्रिंट काढ. एका पानात मावलं नाही तर दोन पानं जोड. कात्रीने काप, घड्या घाल, आत खरी वडी भरून बघ. झाकण लागतंय का, मागच्या बाजूचं नाव उलटं तर येत नाही ना, हे तिथेच कळेल. बॉक्स छापून आले की फोटो पाठव. वडी पाठवलीस तरी हरकत नाही!