औषधसंस्थेचे नामकरण

माहुलचा माझा एक जुना विद्यार्थी औषधसंशोधनाची कंपनी काढीत आहे. तिला नाव कोणते द्यावे, असे त्याने पुसले.

पनवेल येथे १८७२ साली निघालेल्या औषधी कारखान्याने राजापूरच्या धूतपापेश्वराचे नाव घेतले. त्यात श्रद्धा आहे. मुंबईतील १९३५ सालच्या ‘केमिकल, इंडस्ट्रियल अँड फार्मास्युटिकल लॅबोरेटरीज’ची आद्याक्षरे जुळून ‘सिप्ला’ झाले. त्यात सोय आहे. परळच्या जंतुशास्त्रीय प्रयोगशाळेस १९२५ साली, प्लेगची लस प्रथम स्वतःस टोचून घेणाऱ्या हाफकिनांचे नाव मिळाले; त्यात कृतज्ञता आहे.

रोग हमखास बरा करण्याची ग्वाही मात्र या तिन्हींपैकी एकही नाव देत नाही. नव्या औषधांचे बहुतेक प्रयोग निष्फळ ठरतात; म्हणून नाव उच्चारास सुगम, इतरांहून निराळे आणि नम्र असावे. नावातील पोकळ वचनाची किंमत अखेर आजाऱ्यासच मोजावी लागते.