गावाला एक मधयंत्र

मध काढायला किती जागा आणि किती साहित्य लागतं, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. पण मावळात सातेरी मधमाश्यांच्या पेट्या किती घरांत टिकतील, हे बऱ्याच अंशी त्यावरच ठरणार आहे. सातेरीच्या एका वसाहतीपासून वर्षाला साधारण पाच ते दहा किलो मध मिळतो. चार पेट्या ठेवणाऱ्या घराने यंत्र, गाळण्या, निवळणीची टाकी आणि त्यांच्यासाठी वेगळी खोली केली, तर यंत्र वर्षात दोन-तीन दिवस फिरेल आणि उरलेलं वर्ष जागा अडवून बसेल. इंद्रायणी भात पिकवणारा मावळ भाताची गिरणी घरोघर बसवत नाही. पेट्या ज्याच्या त्याच्या आणि मधयंत्र गावाचं, एवढंच माझं म्हणणं आहे.

यावर पहिला आक्षेप येतो की यंत्रच कशाला हवं? पोळं पिळून फडक्यातून गाळलं की एका पातेल्यात काम भागतं. साहित्य वाचतं हे खरं, पण ती बचत माशीच्या कष्टातून होते. लँगस्ट्रॉथ या अमेरिकी मधपाळाने 1852 साली हलत्या चौकटींच्या पेटीचं पेटंट घेतलं आणि 1865 साली ह्रुश्का या युरोपातल्या मधपाळाने चौकट गरगर फिरवून मध बाहेर फेकणारं यंत्र दाखवलं. त्यामुळे पोळं न मोडता मध काढणं शक्य झालं. एक किलो मेण करायला माश्यांना सहा ते आठ किलो मध खर्चावा लागतो, असा मधपाळांचा सर्वसाधारण हिशेब आहे. तेवढ्या मेणाच्या पोळ्यांत वीसेक किलो मध मावतो. म्हणजे पोळं पिळणारा पुढच्या मधाचा जवळजवळ तिसरा हिस्सा मेणात घालवतो. त्यात आपल्याकडे वेळ थोडा. जांभूळ, हिरडा फुलतात ते उन्हाळ्यात, आणि जूनमध्ये लोणावळ्याच्या घाटमाथ्यावर पाऊस धरला की माशीचं बाहेर पडणंच अवघड होतं. रिकामी पोळी त्याच संध्याकाळी पेटीत परत गेली, तर माश्या नवं मेण करण्याऐवजी मध भरायला लागतात. पावसाळ्याच्या उपासमारीसाठी पिलाव्याच्या कप्प्यातला मध मात्र त्यांच्याकडेच राहिला पाहिजे. तो काढणं ही बचत नव्हे.

जागेचा हिशेबही असाच. चौकटी चाकाच्या आऱ्यांसारख्या बसतात ते यंत्र मोठ्या घेराचं असतं. जाळीला टेकवून दोन चौकटी फिरवणारं हाताचं यंत्र कोपऱ्यात मावतं. एक बाजू निघाली की चौकट उलटवावी लागते, एवढाच जादा श्रम. पोळ्यावरून कापलेल्या झाकणांचं मेण ज्या गाळणीवर निथळतं, ती मधाच्याच बादलीवर ठेवली की वेगळी परात लागत नाही. खोली लहान चालेल, पण खिडक्यांना जाळी हवी आणि फरशी धुता आली पाहिजे. वास येताच माश्या लुटीला धावतात, म्हणून काम दिवस मावळल्यावर करावं. मध हवेतलं पाणी ओढतो; त्यामुळे दमट दिवशी बादल्या उघड्या ठेवू नयेत.

सामायिक यंत्राविरुद्धचा सर्वांत गंभीर आक्षेप रोगाचा आहे, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला थाई सॅकब्रूड या विषाणूजन्य रोगाने दक्षिण भारतातल्या सातेरीच्या वसाहतींची मोठी हानी केली. म्हणून गावाच्या यंत्रात फक्त मधकोठीच्या चौकटी याव्यात, पिलाव्याच्या कधीही नाहीत; रोगट पेटीचं काहीच येऊ नये; एका घराचं काम झालं की यंत्र गरम पाण्याने धुऊन कोरडं करावं, आणि चौकटी ज्याच्या त्याच्या पेटीत परत जाव्यात. वाटणीवरून भांडणं होतील, असंही म्हणतात. फिरवण्याआधी आणि नंतर चौकटी तोलल्या, की कुणाचा मध किती हे काटाच सांगतो. सगळ्यांचा मध एकाच आठवड्यात तयार होतो हे खरं. पण मेणाने झाकलेला मध पेटीत आणखी काही दिवस सहज राहतो, तेव्हा पाळ्या लावता येतात. बहुतेक झाकलेल्याच चौकटी काढाव्यात, कारण कच्च्या, पाणचट मधाला आंबायला वेळ लागत नाही.

महाबळेश्वरला राज्याचं मध संचालनालय आहे, पुण्यात 1962 पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. प्रशिक्षण आणि सल्ला मागायला मावळच्या मधपाळाने या दोन्ही दारांशी जावं. पण एकेकट्याने नव्हे, गटाने जावं, आणि मागताना दहा यंत्रं न मागता एक यंत्र आणि एक जाळीची खोली मागावी.